वैशालीनं रॉड उचलला तेव्हा

ज्या बायकांना डॉक्टरांनी "वजन कमी करा" म्हणून सांगितलंय आणि ते ऐकून ज्यांना दवाखान्याच्या पायरीवरच रडू आलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. पण आधीच सांगून ठेवते. यात धीर कमी आहे आणि जळफळाट जास्त आहे. माझ्या आजारपणात मला सगळ्यात जास्त छळलं ते साखरेनं नाही आणि गुडघ्यांनीही नाही. मला छळलं माझ्या धाकट्या जावेनं, आणि त्या बिचारीनं माझं काहीच वाईट केलं नव्हतं.

गुडघ्यांसाठी गेले होते

मी अलका. यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. घरात सासूबाई, माझे यजमान, धाकटे दीर प्रमोद, त्यांची बायको वैशाली आणि तिच्या दोन शाळकरी मुली. माझा मुलगा तेव्हा बाहेरगावी शिकायला होता.

कार्यालयाचा जिना चढवेना म्हणून मी गुडघे दाखवायला गेले. हे सोबत होते. वजनकाट्यावर उभी राहिले तर काटा शेवटपर्यंत गेला आणि तिथंच थरथरत राहिला. तिथल्या माणसानं काटा बिघडला की काय म्हणून त्याला दोनदा टिचकी मारली. काटा बिघडला नव्हता.

डॉक्टरांनी गुडघ्यांना हातही लावला नाही. त्यांनी विचारलं, "दिवसा झोप येते?"

"टायपिंग करता करता झोपते," हे म्हणाले. "फाइलवर डोकं टेकते."

"रात्री घोरतात?"

 हे म्हणाले, "घोरते. मंग एकदम बंद होते. श्वासच नसतो. मी हात लावून पाहतो, मंग पुन्हा सुरू होते."

माझ्याकडे न बघता त्यांनी हे सांगितलं. किती वर्षं हा माणूस माझ्याशेजारी असा जागा राहत होता, मला माहीत नव्हतं. रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा साखरही निघाली आणि रक्तदाबही. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्यांचं नंतर बघू, ताई. आधी श्वासाचं बघू."

घरी आलो तेव्हा वैशाली ओसरीत खाली मांडी घालून मेथी निवडत होती. आम्हाला पाहून ती उठली. हात न टेकता, एका झटक्यात, मांडीवरची परात सांभाळत उठली. "काय म्हटलं डॉक्टरनं?" तिनं विचारलं.  मी तिचं उठणं पाहत होते. माझ्या आजाराचा पहिला दिवस मला आठवतो तो असा. डॉक्टरांचा चेहरा पुसट झालाय, पण वैशालीचं ते उठणं अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे.

लाज

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाचा चेहरा पडायचा. आमच्या कार्यालयात पाहणी समित्या यायच्या, त्यांच्यासाठी माहितीचे कागद मीच टाइप करायची. गावांची नावं, माणसांची नावं. दुपारी डबा उघडताना त्याच टेबलावर तेच कागद असायचे.

अशा जिल्ह्यात मी जास्त वजनानं आजारी होते. हे कुणाला सांगणार? ताप आला, मोतीबिंदू झाला, असं सांगता येतं. "मी जाड आहे आणि त्यानं मरू शकते" असं त्या वर्षांत कुणाला सांगायचं म्हणजे तोंड लपवावंसं वाटायचं. मी ऑफिसात गर्भाशयाचं ऑपरेशन आहे असं सांगून रजा घेतली. बायकांनी मान डोलावली, कुणी पुढं विचारलं नाही.

ऑपरेशन पोट लहान करायचं होतं, नागपूरला. आधी पथ्यपाण्याचे प्रयत्न झाले होते. प्रत्येक वेळी थोडं उतरून जास्त चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता वाट पाहण्यात अर्थ नाही.

नागपूर

दवाखान्यात माझ्यासोबत राहायला वैशाली आली. सासूबाईंना झेपणार नव्हतं आणि बायकांच्या वॉर्डात यांना राहता येत नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी नर्स आली आणि वैशालीला म्हणाली, "तुमच्या आईंना उद्या सकाळपासून काही देऊ नका."

आई! आमच्यात सहा वर्षांचं अंतर. वैशाली घाईघाईनं म्हणाली, "जाऊ आहे मी यांची." नर्स हसली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि गेली. त्या रात्री मला ऑपरेशनची भीती वाटायला हवी होती. मी मात्र कुशीवर वळून वैशालीच्या मनगटातल्या बांगड्यांकडे बघत राहिले. किती सैल होत्या त्या.

ऑपरेशननंतरचे दिवस सगळे सारखेच. पाणी औषधाच्या टोपणातून, घोट घोट. एक प्लास्टिकचं खेळणं तोंडात धरून श्वास ओढायचा, आतले छोटे चेंडू वर चढले पाहिजेत. सलाइनचा खांब ढकलत वऱ्हांड्यात चालायचं. वैशाली माझ्या काखेत हात घालून चालायची. मला घाम यायचा, तिला नाही. तहान एवढी लागायची की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं ग्लास ठेवला तरी मला तो आवाज ऐकू यायचा. वैशाली ओल्या कापसानं माझे ओठ पुसायची. त्या पुसण्याचा गारवा मला अजून आठवतो. तिचे हात फार हलके होते. तेव्हाही मला तिचा राग येत होता.

सासूबाई एकदा भेटायला आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "कायले रडून राह्यली वं? पोट लहान केलं, जीव तं आहे नं मोठा?" मग पिशवीतून ताकाची बाटली काढली. नर्सनं ती लगेच काढून घेतली.

चरबीबरोबर आणखी काय गेलं

वजन उतरायला लागलं ते भसाभस. ब्लाउज दर थोड्या दिवसांनी आत घ्यावे लागायचे. रात्रीचा श्वास सुरळीत झाला, गोळ्या कमी झाल्या. ऑफिसातल्या बायका म्हणायला लागल्या, "अलकाताई, ओळखूच येत नाही!" मला ते आवडायचं. पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटायचं. घरात मी कपाटाच्या आरशासमोरून उगीच जायची.

पण केस गळायला लागले. न्हाणीत जाळीवर केसांचा गुंता बसायचा. दंडाची कातडी लोंबायला लागली. आणि एके सकाळी देवासमोर बसले, तर उठता येईना. जाड होते तेव्हा उठता यायचं नाही ते वजनामुळे. आता वजन नव्हतं, तरी उठता येईना. पायांत काही उरलंच नव्हतं. हाक मारली तेव्हा वैशाली आली आणि तिनं मला काखेत हात घालून उचललं. एकटीनं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी माझी मांडी बोटांनी दाबून पाहिली. "चरबीबरोबर स्नायूही चाललेत, ताई. नुसतं चालून भागणार नाही. वजन उचलावं लागेल. नीट शिकवणारं कुणी शोधा आणि प्रथिनं खा."

हे घरी सांगितलं तेव्हा प्रमोदभाऊजी हसत सुटले. "वजन उतरवाले एवढा खर्च केला आन् आता वजन उचलायचं?" सासूबाईंना मात्र प्रथिनांचा घोर. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. डाळ, दही, पनीर यांनी पुरेना, कारण पोटात मावतच नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच मागच्या अंगणात एक जुनं पातेलं आणि वातीचा स्टोव्ह मांडला. अंडं स्वतः उकडायच्या, सोलायच्या आणि तोंड फिरवून माझ्या हातात द्यायच्या. "औषध आहे म्हणून देतो," म्हणायच्या. "देवाले मी सांगून टाकलं."

नसरीन

शिकवणारी सापडली ती जुन्या जिनिंगमध्ये. कापसातली सरकी काढायचा तो कारखाना बंद पडून बरेच दिवस झाले होते. त्याच्या एका गोदामात नसरीननं फक्त बायकांसाठी जिम काढली होती. तिचे वडील त्याच जिनिंगमधल्या मशीन दुरुस्त करायचे. काम गेल्यावर त्यांनी लेकीला लोखंडी स्टँड आणि बाकं वेल्डिंग करून दिली. नसरीन स्वतः विद्यापीठाकडून वजन उचलायची. खांदे रुंद, आवाज मोठा, कानात बारीक सोन्याच्या बाळ्या. तिच्या भिंतीवर तिचे स्वतःचे फोटो होते आणि त्याचा तिला अभिमान होता.

जिनिंगचा रस्ता निर्जन, म्हणून हे म्हणाले, एकटी जायचं नाही. मला स्कूटी चालवता येत नव्हती. वैशालीला येत होती. तेव्हा ठरलं की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर वैशाली मला घेऊन जाईल. ती बाकावर बसेल, मी व्यायाम करीन.

पहिल्या दिवशी नसरीननं मला एका खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "उठा."

मी हात टेकले.

"हात नको, ताई. हात छातीवर. सिर्फ पायानं."

मी उठले नाही. तीनदा प्रयत्न केला. मांड्या थरथरल्या आणि मी मागे बसले. वैशाली बाकावरून उठून मला धरायला आली.

"तुम्ही बसा," नसरीननं तिला दटावलं. "यांना यांचं करू द्या."

मला ते फार आवडलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा कुणी वैशालीला लांब ठेवलं होतं. नसरीननं खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, बैठक उंच झाली आणि मी उठले. मग रोज. एक उशी काढली. मग दुसरी. भिंतीला हात लावून रेटायचं. पाण्याच्या बाटल्या डोक्यावर उचलायच्या. मग छोटे डंबेल्स. मग नुसता लोखंडी रॉड, जमिनीवरून कमरेपर्यंत. पाठ सरळ, श्वास धरून, पायानं जमीन दाबायची. तो रॉड पहिल्यांदा माझ्या मांड्यांना टेकला तेव्हा नसरीन एवढ्या जोरात "बहोत अच्छे!" ओरडली की छपरावरची कबुतरं उडाली.

ती संध्याकाळची वेळ माझी होती. घर माझं एकटीचं नव्हतं, स्वयंपाकघर नव्हतं, ऑफिस तर नव्हतंच. नसरीनचं बोलणं माझं होतं. ती मला "ताई" म्हणायची तेव्हा त्या गोदामात दुसरी कुणी ताई नव्हती.

रॉड

एकदा पाऊस होता आणि बाकीच्या बायका आल्या नव्हत्या. मी दोन्ही बाजूंना छोट्या प्लेटा लावून रॉड उचलत होते. पाचवी खेप अर्ध्यावर सोडली. नसरीन सहज म्हणाली, "वैशाली, तू रोज पाहून राह्यली. एकदा करून बघ."

"मी?" वैशालीनं पदर खोचला. लाजत पुढं आली. रॉडपुढे उभी राहिली, वाकली आणि उचलला. भाजीची पिशवी उचलावी तसा.

 नसरीननं माझ्या प्लेटा काढून मोठ्या लावल्या. वैशालीनं त्याही उचलल्या. आणखी लावल्या. वैशालीनं दात दाबले, कपाळाची शीर फुगली आणि रॉड वर आला.

"पहले कभी किया है?"

"नाही वं. घरी सिलेंडर उचलतो. माह्या माहेरी विहीर होती, बादल्या वढत होतो."

नसरीन तिच्याभोवती एक फेरी मारून आली. तिचे डोळे मी पाहिले. माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत काळजी असायची, कधी कौतुक. वैशालीकडे बघताना वेगळंच काहीतरी होतं. सोनाराच्या डोळ्यांत असतं तसं.

मी खुर्चीवर बसून होते. माझ्या तळहातांना आलेले घट्टे मी अंगठ्यानं दाबत होते. ते कमवायला मला काय काय करावं लागलं होतं! पोट कापून घेतलं होतं मी. केस गेले होते माझे. आणि ही पदर खोचून आली आणि माझ्या सगळ्या महिन्यांवरून पाय टाकून पुढे गेली.

तिथून पुढं नसरीन एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची आणि दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे. माझ्या खेपा मोजता मोजता मध्येच म्हणायची, "वैशाली, कोपर आत." मी कितवीवर आहे तेच विसरायची. एकदा म्हणाली, "अमरावतीला स्पर्धा आहे, ताई. आपण वैशालीला नेऊ या का? आपल्या जिमचं नाव होईल."

आपण! मी हसून "वा" म्हणाले. स्कूटीवर मागं बसून घरी येताना मी तिच्या पाठीकडे बघत होते. ब्लाउजच्या वर मानेखाली दोन्ही बाजूंना स्नायू दिसायला लागले होते. माझ्या पाठीत काय दिसतं ते मला कधी बघताही आलं नव्हतं.

न जाण्याचे दिवस

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, ऑफिसात तपासणी आहे, काही दिवस जमणार नाही. तपासणी नव्हती.

 वैशालीला एकटीला जाता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तिचं जाणं माझ्या औषधाच्या नावाखाली होतं. माझं औषध थांबलं की तिचं जाणं थांबलं. एवढी सत्ता मला त्या घरात याआधी कधी मिळाली नव्हती.

पण माझे पाय त्याची किंमत मोजत होते. जिना पुन्हा जड झाला. कमोडवरून उठताना नळाला धरावं लागायला लागलं. सासूबाई अंडं हातात देताना म्हणाल्या, "काहून जात नाही वं तू? चांगली उठून बसून राह्यली होती."

"काम आहे, आई."

"कामाले मरू दे."

त्याच आठवड्यात मी एकदा ऑफिसातून लवकर आले. मागच्या दारानं आत गेले. स्वयंपाकघरात वैशाली भरलेल्या सिलेंडरपुढे उभी होती. तिनं श्वास घेतला, पाठ सरळ केली, सिलेंडर कमरेपर्यंत उचलला आणि हळूच खाली ठेवला. मग पुन्हा. तोंडानं पुटपुटत होती. मी कान दिला. नसरीनच्या सूचना होत्या त्या, तिच्याच बोलीत. "कोपर आत. नजर समोर. पायानं दाब." तिच्या गालावर पाणी होतं. घाम होता की रडत होती, मला कळलं नाही.

इथं मी लिहू शकले असते की मला तिची दया आली. थोडी आलीही असेल. पण पहिला विचार आला तो हा: ही घरी बसूनसुद्धा माझ्यापुढे चाललीय.

मी म्हणाले, "उद्या जाऊ."

ती दचकली. सिलेंडर तिच्या बोटावर आपटता आपटता राहिला. "तपासणी झाली?"

"झाली."

दुसऱ्या दिवशी जिममध्ये गेल्या गेल्या मी नसरीनला बाजूला घेतलं. म्हणाले, "नसरीन, मी आजारी बाई आहे. मी इथं पदक मिळवायला आलेली नाही. माझ्या वेळेत माझ्याकडे बघायचं. तिची वेळ वेगळी ठेव."

नसरीननं मान खाली घातली नाही. सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "सही बोललात, ताई. मला मेडलची हाव सुटली. लहान गाव आहे, एक मेडल आलं तर चार बायका अजून येतात." मग म्हणाली, "पण तुम्हाला पण एक सांगते. तुम्ही इतके दिवस आला नाहीत, त्यात तुमचंच गेलं. तिचं काही गेलं नाही."

ते लागलं. पण तिनं वेळा वेगळ्या केल्या. आधी मी, मग वैशाली. आणि मी जी लागले ती लागलेच. माझ्यासारख्या बायकांनो, व्यायामाला मन शांत लागतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. मी धुमसत व्यायाम केला. प्रत्येक खेपेला मला तिचा तो पहिला दिवस दिसायचा, भाजीची पिशवी उचलल्यासारखा. मी दात दाबून उचलायची. रॉडला ते कळत नाही, तुमच्या मनात काय आहे ते. स्नायूलाही कळत नाही. तो वाढतो.

श्रावणात एका सोमवारी मी देवासमोर बसले, आरती झाली आणि हात न टेकता उठले. कुणाचं लक्ष नव्हतं. मी पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. मग सासूबाईंनी पाहिलं. "काय करून राह्यली? उठाबशा काढून राह्यली का देवापुढं?" मी म्हणाले, "हो." त्यांनी देवाला हात जोडले आणि आत जाऊन डोळे पुसले.

अमरावती

स्पर्धेचा विषय घरात निघाला तेव्हा प्रमोदभाऊजींनी नाही म्हटलं. अंगाला चिकटणारा पोशाख, परक्या गावात, चार लोकांपुढं. "आपल्या घरच्या बाया अशा तमाशाले जात नाहीत," म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठी सून मी, कमावती मी. एक शब्द बोलले नसते तरी पुरे होतं, ती गेली नसती. वैशाली चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं होतं.

"मी जाते सोबत," मी म्हणाले.

का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. एक खरं कारण हे होतं की तिला हरताना पाहायचं असेल तर जायला हवं होतं.

हॉलमध्ये घामाचा आणि खडूच्या भुकटीचा वास होता. मोठ्या शहरांतल्या पोरी, वीस-बावीस वर्षांच्या. वैशाली त्यांच्यात थोराड दिसत होती. मी तिची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसले होते. तिची पहिली खेप सहज झाली. दुसरी झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नसरीन ओरडून ओरडून घोगरी झाली होती. तिसऱ्या खेपेला वैशालीनं सगळ्यात जास्त वजन मागितलं. ते उचललं असतं तर पहिली आली असती.

रॉड गुडघ्यांच्या वर आला. तिथं थांबला. तिचे पाय कापले, तोंड लाल झालं आणि रॉड धाडकन खाली आला.

मी हसले. ते आपोआप आलं, आतून, उचकी येते तसं. त्याच क्षणी वैशालीनं मान वर केली आणि एवढ्या गर्दीत नेमकं माझ्याकडे पाहिलं.

परतीची गाडी

ती दुसरी आली. नसरीन तिथंच नातेवाइकांकडे थांबली. आम्ही दोघी यष्टीनं निघालो. वैशालीची पाठ धरली होती, ती खिडकीला टेकून वाकडी बसली होती. गाडी गावाबाहेर आली. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "ताई, तुम्ही हसल्या नं?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

"बरं वाटलं?"

"लय. घटकाभर."

तिनं मान हलवली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मले पण वाटलं होतं तसं. नागपूरले."

"काय वाटलं होतं?"

"तुमच्या खाटेभवती सारे उभे होते. मोठे भाऊजी, आमचे हे, आई. भाऊजींच्या हातात रुमाल. आन् मी कोपऱ्यात डबा धरून. मले वाटलं, मले काहून होत नाही असं काही? एखांदा मोठा आजार व्हावा. पोट फाडावं, टाके पडावे. कोणीतरी मले इचारावं, वैशाली, तू आज काय खाल्लं." तिनं हातानं पाठ दाबली. "तुमचं वजन उतरलं की घर टाळ्या वाजवते. मी इतकी वर्षं बारीक आहो, मले कोणी पाह्यलं पण नाही. नसरीननं पाह्यलं पहिल्यांदा. आन् तुम्ही ते बी बंद केलं होतं."

 मी ज्या हातांवर जळत आले होते, ज्या उठण्याबसण्यावर, त्यांच्याकडे घरात कुणीच बघत नव्हतं. बघणारी मी एकटी होते, आणि मी जळत बघत होते.

"आता नाही बंद करणार," एवढंच मी म्हणाले.

"पाहू," ती म्हणाली.

वाटेत नेरला गाडी भरली. एक म्हातारी बोचकं घेऊन चढली आणि दांड्याला लटकली. वैशाली उठायला लागली तशी तिच्या तोंडून "आई गं" निघालं. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः उठले. म्हातारीला माझी जागा दिली आणि दांडा धरून उभी राहिले.

थोड्या वेळानं वैशाली म्हणाली, "ताई, मी उठतो आता. तुम्ही बसा. तुमचे पाय..."

"बस म्हटलं नं."

पुढं एका फाट्यावर पुष्कळ माणसं उतरली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, मागं जागा झाली, बसून घ्या." मी नको म्हटलं. मांड्या भरून आल्या होत्या, पण थरथरत नव्हत्या. वैशाली पाठ धरून वाकडी बसली होती आणि मान वर करून माझ्याकडे बघत होती. त्या संध्याकाळी तिला उभं राहता येत नव्हतं आणि मला येत होतं. यवतमाळ येईपर्यंत मी बसले नाही.